बाकाचं काय करायचं

मला न उघडणारी दारं आवडत नाहीत.
पितळी कडी, कोरलेली चौकट, वर गणपतीसुद्धा काढलेला,
आणि बटण दाबलं की नुसतं ठक्.
त्यापेक्षा भिंत काढा ना सरळ.
भिंतीवर माझा राग नाही.

आणि ते शिकवणं.
"चालण्यासाठी काठी पुढे ढकला."
ढकलली.
"शाब्बास!"
अहो, मी बेचाळीस वर्षांची आहे,
रोज संध्याकाळी सिंहगड रोडवरून स्कूटर घरी आणते,
चालल्याबद्दल शाब्बास नको मला.

"तुमची शक्ती संपली, चार तासांनी या."
दुकान एक ते चार बंद असतं ते मी समजू शकते,
आतला माणूस जेवलेला असतो.
तू काय जेवलास?

सेव्ह करण्याबद्दल मी जरा जास्तच बोलते,
ऑफिसात माझा आवाज चढला की निहार हेडफोन लावतो.
पण नाना पेठेत मुजावरचाचांचं पार्लर होतं,
चार टीव्ही, एक पंखा, पाच रुपयांत अर्धा तास.
चाचांकडे घड्याळ नव्हतं, स्विच होता.
राक्षसाचा चिमूटभर जीव उरलेला,
माझा अंगठा सुजलेला,
आणि खट्.
काळ्या काचेत दोन वेण्या आणि उघडं तोंड.
पुढच्या रविवारी परत पहिल्या पुलापासून.
म्हणून, हवं तिथे थांबू न देणारा गेम दिसला
की वाटतं, हे ज्यानं केलं
त्याच्या घरी कुकरची शिट्टी कधी मोजावी लागली नसणार,
कुणी मधेच हाक मारली नसणार.

आवडतं काय ते कुणी विचारत नाही.
पावलांचा आवाज बदललेला आवडतो,
गवतावर वेगळा, पत्र्यावर वेगळा.
काही न घेता निघाले तर
मनातल्या मनात चिडणारा दुकानदार आवडतो.
आणि अशी एखादी जागा
जिथे काहीच करायचं नसतं.

मार्चमध्ये मला एक टेकडी दिली बनवायला.
मी तळजाईला चार सकाळी जाऊन आले,
दगडांचे फोटो काढले, एका कुत्र्याचा काढला,
आणि माथ्यावर एक बाक ठेवला.
निहारचा रिपोर्ट आला:
"बाक. बसता येतं. पुढे काही होत नाही. दोष?"
मी लिहिलं, दोष नाही.
त्यानं परत उघडला. मी परत बंद केला.
तिसऱ्यांदा देवधर सर स्वतः आले.
"बाकाखाली नाणी ठेवू या, गंमत येईल."
मग लोक वाकून बघतील, सर, बसणार नाहीत.
"मग पाठीवर जाहिरात तरी? रिकामीच आहे."
रिकामी नाहीये, मी म्हणाले.

रिकामीच होती.
त्या रात्री थांबून मी लिहिलं,
आपल्याकडे टेकडीवरच्या बाकांवर लिहितात तसं,
बारीक, उन्हानं उडालेल्या रंगात:
मुजावर पार्लर, नाना पेठ, यांच्या स्मरणार्थ.
अर्धा तास.

गेम बाहेर पडला. आकडे आले.
बहुतेक सगळे टेकडीवरून धावत गेले,
दोघातिघांनी बाकावर उड्या मारल्या.
एकजण अकरा मिनिटं बसला.
"कंट्रोलर ठेवून चहा टाकायला गेला असेल," निहार म्हणाला.
असेल.
चहा होईपर्यंत सूर्य अर्धा बुडालेलाच राहतो,
ते मी मुद्दाम केलंय.

आज सकाळी नवा रिपोर्ट:
"बाकाच्या पाठीवरची अक्षरं लांबून वाचता येत नाहीत. दोष?"
अजून उघडाच ठेवलाय.