आवक

दारात टेबल टाकून मी बसले.
समोर रुमालावर बाबांचा शिक्का:
जिल्हा परिषद, आवक विभाग.
तेव्हा दर शनिवारी तो माझ्या पर्समधून पळून यायचा,
सोमवारी दहाच्या आत खणात परत.
बाबांना ठाऊक होतं की नाही, कधी कळलं नाही.
रिटायर झाले त्या संध्याकाळी
शाल-श्रीफळाच्या पिशवीतून पॅडसकट काढला,
माझ्यासमोर ठेवला,
आणि चपला शोधायला लागले.

मे महिना. हिंगणा रोडवरचं मंगल कार्यालय.
उद्या इथं कुणाचं तरी लग्न,
म्हणून थर्माकोलचे हंस भिंतीकडे तोंड करून,
नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्यांत अँप्लिफायर.
दाराएवढा कूलर असा घुमतोय
की झुबेर म्हणतो, "यालेच बेस वाजवू द्या बे,
मी कामठीले जातो परत."

लोक येतात. मनगटं पुढे करतात.
एकेकाळी कपड्याच्या साबणानं केस उभे करणारे,
आता उभे करायला केस नाहीत.
एकाच्या गुडघ्याला पट्टा. एकाच्या खांद्यावर झोपलेलं लेकरू,
त्याच्या कानांत कापूस.
"वर्ष चुकलं ना, काकू," उईकेची पोरगी म्हणते.
चुकलं नाही गं. शिक्क्याची पट्टी
दोन हजार बारावरच संपते.
पुढचं त्यांनी बनवलंच नव्हतं.

बँडचं नाव लोडशेडिंग.
नऊ-नऊ तास अंधारात काढलेल्या पोरांनी
दुसरं काय नाव ठेवायचं.
ड्रमवर उईके, जो आज महावितरणात इंजिनिअर आहे
आणि त्याबद्दल त्याला रात्रभर शिव्या पडणार आहेत.
गिटार पायसची, सदरच्या त्याच खोलीतून आलेली, गंजासकट.
राजरत्न माईकशी येतो,
शर्टाच्या खिशातून चष्मा काढतो,
स्वतःच लिहिलेल्या ओळी वाचायला.

पहिलं गाणं पडलं. सरळ पडलं.
दुसऱ्याला उईकेच्या हातांना काहीतरी आठवलं.
तिसऱ्याला पुढची रांग एकमेकांवर आदळायला लागली,
"सॉरी भाऊ, सॉरी" म्हणत,
आणि कुणाचा तरी चष्मा पडला तेव्हा
दहा जण मोबाइलचे टॉर्च लावून खाली बसले,
गोल करून, चूल पेटवावी तसे.
सापडला. पुन्हा आदळले.

मग 'लाइट गेली'.
हे गाणं मी शंभरदा ऐकलंय
आणि शेवटपर्यंत एकदाही नाही.
कारण दर वेळी नऊच्या ठोक्याला खरंच जायची.
तिथंच थांबायचं, ओरडायचं, घामेजून बाहेर यायचं.
त्यामुळे शेवट कुणी बसवलाच नव्हता.

आज लाइट जात नाही.
राजरत्न तीच ओळ पाचव्यांदा म्हणतो, मग आठव्यांदा.
पायस उईकेकडे बघतो, उईके झुबेरकडे,
झुबेर वर, पंख्याकडे, फिरतोय तो, मजेत.
चार पन्नाशीकडे झुकलेली माणसं
एका गाण्यात अडकून पडलीत
आणि बाहेर यायचा दरवाजा
बावीसच्या वयातच करायचा राहिलाय.
मला हसू यायला हवं होतं.

दहा वाजले.
चौकीदार बोकडे काका उठले, लुंगी सावरली,
"पोलीस येतीन ना बाप्पा," म्हणत
मेन स्विच खाली ओढला.

काळोख. कूलरचं पातं हळूहळू.
उईकेचे दोन ठोके जास्तीचे,
हातांपर्यंत बातमी पोचली नव्हती.
आणि मग सगळे असे ओरडले, असे,
की खांद्यावरचं लेकरू जागं झालं
आणि तेही ओरडलं.

घरी आले तर बाबा गच्चीवर, खाटेवर.
झोपलेत वाटलं.
माझ्या कानांत अजून शिटी वाजत होती,
म्हणून दुसऱ्यांदा विचारल्यावर ऐकू आलं:
"किती आवक झाली आज?"
एकशे बारा, म्हटलं.
"नोंद केली?"
मी माठातलं पाणी प्याले.
केली, म्हटलं.