पंचवीसपैकी

धान्याची कोठारं बंद झाली तेव्हा
मी त्यांचे हिशेब ठेवत होते,
म्हणून सगळ्यांत शेवटी निघाले.
ताळेबंद जुळला, सात सेंटांचा फरक सोडून.
मग अटलांटाच्या एका मालवाहतूक कंपनीचा फोन आला.

घरं दाखवणारी रेनेल
शाळा सांगत होती, दुकानं सांगत होती,
विमानतळ किती मिनिटांवर, ट्रॅफिक नसेल तर.
मी विचारलं, ट्रॅप रेंज?
तिनं नकाशावर बोट ठेवलं, उचललं.
"इथं लोक टेनिस खेळतात," म्हणाली,
मनात काही वाईट नव्हतं तिच्या.

सोळाशे मैल, तीन मोटेल.
रोज रात्री बंदुकीची पेटी पलंगाखाली
आणि काडतुसं पार न्हाणीघरात,
भांडलेल्या भावंडांसारखी.
दुनळी माझी वारशाची नाही.
दातांच्या डॉक्टरकडून हप्त्यांनी घेतली;
त्याचा खांदा गेला होता, माझी अक्कलदाढ जायची होती,
दोन्ही व्यवहार एकाच दुपारी उरकले.

नव्या इमारतीत लिफ्ट आहे.
लांबट काळी पेटी घेऊन शिरले की
विचारतात, ट्रम्बोन?
पहिल्यांदा मी खरं सांगितलं.
पुढच्या मजल्यापर्यंत कुणी बोललं नाही.
आता चौथ्या मजल्यावर मी ट्रम्बोनवाली,
आणि भिंतीपलीकडचे मिस्टर अबेबे म्हणतात,
खुशाल सराव करा, मला त्रास नाही.

तिकडे आभाळ थेट जमिनीपासून सुरू व्हायचं.
पाच जागा, पाच माणसं, समोर गहू.
नारिंगी चकती सुटली की
तिच्यामागे काही नसायचं. काहीच.
बटण दाबायला विल्मर, घडीच्या खुर्चीवर;
मी "पुल" म्हणायच्या आधीच त्याला कळायचं
माझा श्वास कुठे थांबतो ते.
कसं, हे एकवीस वर्षांत विचारायचं राहिलं.

इथली रेंज बेचाळीस मैलांवर, लाल मातीच्या रस्त्यानं.
बटणाला माणूस नाही. मायक्रोफोन आहे.
माझा "पुल" त्याला ऐकूच जाईना.
उत्तर डकोटात आम्ही शब्द तोंडातच ठेवतो,
बाहेर काढला तर गोठायचा.
तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं
तोच कुणाचा तरी कुत्रा भुंकला
आणि चकती सुटली.
बाकावरचे चौघे हसले. मग मीही.

पण पहिल्या पाच चुकल्या.
चुकल्या म्हणजे दिसल्याच नाहीत.
मागे पाइनची भिंत, काळपट हिरवी,
चकती तिच्यात शिरायची
आणि मी, ती नुकतीच जिथून गेली
त्या जागेला छर्रे घालत राहायचे.

शेजारच्या जागेवर लुशियस प्रुइट,
शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला.
दस्त्याला त्यानं जुन्या बुटाचं कातडं शिवलं होतं,
टाके उसवलेले, पुन्हा घातलेले.
फेरी संपल्यावर त्यानं बंदूक मोडून हातावर घेतली, रिकामी,
आणि माझ्याकडे न बघता झाडांना सांगावं तसं म्हणाला,
"नेम ठीक आहे बाई. आभाळ नवं आहे.
डोळ्यांना महिनाभर द्या."

पंचवीसपैकी अकरा.
याआधी अकरा मारल्या तेव्हा
माझ्या तोंडात अक्कलदाढ होती.

गाडीतूनच विल्मरला फोन लावला.
अकरा, म्हटलं. नुसतं एवढंच.
पलीकडे त्याची खुर्ची करकरली,
वारा होता, किंवा वायपर माझेच.
मी पुढचं सांगायला श्वास घेतला
आणि तो थांबला बरोब्बर तिथे विल्मर म्हणाला,
"झाडं आहेत ना मागे?"

लिफ्टमध्ये मिस्टर अबेबे, हातात पावाची पिशवी.
खांद्यावरचा माझा हात त्यांनी पाहिला, पेटी पाहिली.
कसा झाला कार्यक्रम?
सूर लागायचाय अजून, मी म्हटलं.