रकाना क्रमांक नऊ

घोड्यावरून उतरले तेव्हा मांड्या माझ्या नव्हत्याच.
मोखोत्लोंगच्या दवाखान्यातून निघून चार तास,
शेवटी शेवटी तर वाटेनंही साथ सोडलेली.
दगडी भिंती, पत्रा, पत्र्यावर धोंडे,
वाऱ्यानं नेऊ नये म्हणून.
एकसष्ट मुलं. बावीस जोड गमबूट.

पिशवीतून काढलं: दृष्टीचा तक्ता, जंताच्या गोळ्या,
आणि लेसोथोच्या आरोग्य खात्याचा चार पानी फॉर्म,
हो किंवा नाही. मधलं काही नाही.

नखं. दात. उवा.
बोटांच्या बेचक्यांत खरूज, सतरा जणांना.
रेत्सेपिलेच्या टाचांना भेगा, त्यांत मेंढीची चरबी भरलेली,
"आजोबा घोड्याच्या खुरांना लावतात तीच."
वय चौदा, इयत्ता तिसरी.
उन्हाळाभर वर डोंगरात गुरं राखतो.

मग म्मे मालिनेओ, मुख्याध्यापिका, टाळी वाजवतात.
तळव्यावर तळवा, मागून, बोटांमधून,
अंगठा मुठीत फिरवून, मनगट,
वीसपर्यंत मोजून.
आमच्या शिकाऊ नर्सेस अंगठा हमखास विसरतात.
इथे एकही सुटला नाही.
सगळं हवेत. कोरडं.
सुक्या मक्याच्या पानांतून कुणी चालत जावं
तसा आवाज वर्गभर.

रकाना सात: पायऱ्या येतात का? हो.
रकाना आठ: साबण आहे का?
बशीत हिरवी वडी, कडा अजून धारदार,
कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येतं.
म्मे मालिनेओ खिडकीबाहेर बघत राहिल्या.
मीही वडी उलटून पाहिली नाही.
हो.

रकाना नऊ: पाणी.
कोपऱ्यात निळी बादली, काठोकाठ, वर ताटली.
"आधी तुम्ही," त्या म्हणाल्या,
आणि मी, खरूज तपासलेले हात, साहजिकच,
बाह्या सारल्या.
एक मुलगी मगानं ओतू लागली.
मुलांना नीट दिसावं म्हणून
मी परत एकदा धुतले, पहिल्यापासून, समजावत.
पाणी असं की हाडं वाजावीत.
फेस जाईना. ती ओतत राहिली.
मग मग बादलीच्या तळाला खरवडला
आणि मागच्या बाकावर कुणीतरी
जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

नाव पोन्त्शो. झरा कुठे गं?
तिनं हनुवटीनं दाखवलं:
ज्या उताराला माझा घोडा बिचकला होता, त्याच्या खाली.
सकाळी दोनदा गेले, म्हणाली. पहिली बर्फावर सांडली.
तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं.

दुपारी मक्याचं पॅप आणि मोरोहोची भाजी.
मुलांनी हात स्वेटरला पुसले, बसली जेवायला.
मीही जेवले, त्या सगळ्यांत
एकटीच स्वच्छ हातांची.

निघताना घोडा वरच बांधला
आणि झऱ्यापर्यंत उतरून परत चढून आले,
हात रिकामे, अंगात जाड कोट.
एकोणतीस मिनिटं. तीनदा थांबले.
फॉर्मच्या पाठीमागे तेवढं लिहिलंय.
पुढे तो रकाना कोरा.