उलटी बाजू

टॉवेल घेताना मी आधी उलटा करते.
सुलट बाजूला सगळेच देखणे.
गाठी, सुटलेले धागे, घाईत मारलेली सांध
मागं दिसते.
एकवीस वर्षं यंत्रमागापाशी गेली, तेवढं कळतं.

वकिलाचं मात्र कळत नव्हतं.

यांचं दिवसपाणी झालं अन् दुसऱ्या सकाळी
दिरानं शेडला कुलूप घातलं.
आठ माग आत. यांची चप्पल आत.
"कागद माझ्या नावावर आहेत."
घरात आम्ही तेलुगू बोलतो.
हे एक वाक्य तो मराठीत बोलला.

पहिला वकील तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराआड.
भिंतीवर हार घातलेले, हार घेतलेले फोटो.
मी पिशवीतून कागद काढतेय तोवरच म्हणाला,
"पंधरा दिवसांत स्टे आणतो."
कशावर, ते अजून विचारलं नव्हतं त्यानं.

दुसरे पुण्याचे, मावसभावाच्या ओळखीतले.
बोलणं गोड. येण्याजाण्याचं भाडं वेगळं, मुक्काम वेगळा.
मी तासभर सगळं सांगितलं,
मग त्यांनी विचारलं, बीम म्हणजे छताचा का?

तिसऱ्याकडं लगेच गेले नाही.
दोन सोमवार कोर्टाच्या आवारात जाऊन बसले,
कडक भाकरी, शेंगाची चटणी बांधून,
कुणाची तरी तारीख असल्यासारखी.
लिंबाखाली टाइप करणाऱ्या मोहसीनभाईंना विचारलं,
"हरल्यावरसुद्धा माणसं
परत कुणाकडं जातात हो?"

त्यांची बोटं थांबली.
अर्ध्यावर राहिलेल्या अर्जाकडं बघत म्हणाले,
"बिराजदार वकील. बाळीवेशीत.
कानानं जरा कमी आहेत. कागदानं नाहीत."

लाकडी जिना, बाहेर बाक, बाकावर चौघं.
एकजण अक्कलकोटाहून आलेला, सात वर्षं येतोय म्हणाला.
"सात?" मी उठायलाच निघाले.
"पण दर वेळी काय झालं ते समजून घरी जातो, बाई."
बसले परत.

खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता.
हात गेलाच माझा. उलटा केला.
"आमच्या शेडचा नव्हे," बोलून गेले, अन् जीभ चावली.
ते हसले नाहीत. डावा कान पुढं केला.
"कसं ओळखलं?"
आणि मी काठाची वीण सांगत होते तेवढा वेळ
अशिलाचं म्हणणं ऐकावं तसं ऐकत राहिले.

मग कागद. एकदा. परत पहिल्यापासून.
"लाईटचं मीटर कुणाच्या नावावर?"
"यांच्या."
"त्यानं मालकी सिद्ध होत नाही. पण धरायला टोक मिळतं."
मग शेवटच्या पानावर बोट ठेवून,
"ही सही यजमानांचीच ना?"

पंख्याचा आवाज मोठा झाला.
यांचीच होती. त्या 'ल'ची शेपटी मी कुठंही ओळखीन.

"मग अवघड आहे," म्हणाले.
"होणारच नाही असं नाही म्हणत. अवघड आहे."

त्या पंधरा दिवसांपेक्षा
हा शब्द जाड होता. धुतला तरी टिकेल असा.

फी एका कोऱ्या कागदावर लिहून दिली,
किती, कधी, कशाची.
ते नसतील त्या तारखेला रेणुका म्हेत्रे उभी राहील,
हेही लिहिलं, तिला बोलावून तोंड दाखवलं.
वकीलपत्रावर सही तेलुगूत करू का, मी विचारलं.
"बँकेत कशी करता?"
"मराठीत."
"मग तशीच."

आता रात्रीचे अकरा. ट्रंक उघडून बसलेय,
अकरा वर्षांची बिलं लावतेय महिन्यावारी.
एका बिलाच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलंय,
"चार नंबर, सूत कमी पडतंय. अनसूयाला विचारणे."

काय विचारायचं होतं, आठवत नाही.
बिल उलटं करून ठेवलं.
मग वरचं बाजूला काढलं, सगळीच उलटी करून बघायला लागले.