तकाकीची तक्रार

विल्यांडीच्या कारखान्यात माझं काम एवढंच:
चमक कमी करणं.
पाण्यावरच्या व्हार्निशमध्ये
पिठाहून मऊ सिलिका सोडायची, तोलून,
शेकड्याला दोन, फार तर तीन,
आणि ढवळत राहायचं फेस न येईल इतक्या सबुरीनं.
जास्त झाली तर काळ्या लाकडावर धुकं बसतं.
कमी झाली तर आरसा.
आणि गिऱ्हाईक ढवळायला विसरलं
तर सगळी विनम्रता डब्याच्या तळाशी,
वरचं व्हार्निश मिरवायला मोकळं.

पाणी उडालं की थर आक्रसतो,
कण जरासं डोकं वर काढतात.
प्रकाश त्यांना ठेचकाळतो,
आल्या वाटेनं परतायचं सोडून
चहूकडे पांगतो.
बस्स, एवढीच युक्ती.

एका नोव्हेंबरात हेल्वे रान्नाप आल्या,
किनाऱ्याकडच्या, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेतून.
त्यांनाही ऐकू येत नाही.
माझ्याच वहीत त्यांनी लिहिलं:
दुपारी तीनला सूर्य आमच्या टेबलांवर आडवा पडतो.
टेबलं पेटतात. मुलांना एकमेकांचे हात दिसत नाहीत.
तेवढा अर्धा तास आम्ही खरोखर बहिरे होतो.

मी सात नमुने केले.
सहावा साधला.
साठ अंशांच्या कोनातून मोजला: सहा एकक.
रात्रीच्या बर्फासारखा, आपल्यापुरता.

दीड वर्षानं नगरपालिकेची तक्रार.
टेबलांवर डाग. चमकणारे.
प्रत्येकावर एक, उजव्या कडेला, तळहाताएवढा.

मॅटचं हे जुनं दुखणं आहे:
घासलं की उंचवटे झिजतात
आणि तो पुन्हा चमकायला लागतो.
पण घासलं कुणी? आणि नेमकं तिथंच?

यंत्र पिशवीत घालून मी गेले.
मागच्या बाकावर बसले.
तीन वाजले, सूर्य आडवा आला, टेबलं गप्प राहिली.
हवेत हात भराभर चालले होते,
कुणीतरी विनोद सांगत असावं, मला कळला नाही.
तेवढ्यात लेम्बित नावाच्या मुलानं
टेबलावर थाप मारली. दोनदा.
थाप लाकडातून धावत
माझ्या कोपरापर्यंत आली,
आणि समोरच्या टोकाच्या माइमूनं
मान वर केली.

मी डागावर यंत्र ठेवलं.
एकतीस.

अहवालात ‘कारण’ या रकान्यात
आधी ‘घर्षण’ लिहिलं.
खोडलं.
लिहिलं: ‘हाक.’
‘उपाय’ कोरा सोडला.

एन्दलसाहेबांनी कागद परत पाठवला,
शेरा: कारण स्पष्ट करावे.
मी त्यांच्या खोलीत गेले.
ते काहीतरी वाचत होते, मान खाली.
त्यांचं टेबल जुनं, चकचकीत, छताचा दिवा त्यात बुडालेला.
मी काही बोलले नाही.
दिव्यावरच तळहात आपटला, दोनदा.

त्यांनी वर पाहिलं.