रकाना नऊ

मृत्यूनोंदीची एक वही
आमच्या गावाला दीड वर्ष पुरते.
त्या साली शिमग्याआधीच संपली.

साथीने गेले ते तीन.
तिन्ही नावं जिल्ह्याच्या तक्त्यात लागली.
रोज संध्याकाळी फोन यायचा : आज किती?
मी सांगायचो, शून्य,
आणि फोन ठेवून
त्या दिवशीची नोंद करायला बसायचो.

दाऊद मुकादम, वय एकावन्न.
पहाटे जाळं ओढताना छातीत कळ आली.
पलीकडच्या काठावर दवाखान्याचा दिवा दिसत होता,
पण तरीची होडी बंद, नाक्यावर आडवे बांबू.
पास आला दुपारी साडेतीनला.
त्यावर नाव अगदी बरोबर लिहिलेलं होतं.

मथुरा घवाळी आठवड्यातून दोनदा
रत्नागिरीला रक्त धुवायला जायची,
एसटीत पुढची सीट, मांडीवर पेजेचा डबा.
मशीनच्या खोलीत साथीच्या खाटा लागल्या.
कुणी म्हणालं, चार दिवस कळ काढा.
तिने नऊ काढले.

गोताडांच्या पोराला कवळ तोडताना फुरसं चावलं.
लस केंद्रातच होती, फ्रीजमध्ये, कुलपात.
किल्ली ज्याच्याकडे, तो नाक्यावर
लोकांच्या कपाळाला यंत्र लावत उभा.
त्याला मी दोष देत नाही.
घरात बाळंतीण होती,
तो महिनाभर पडवीत झोपला.

नवव्या रकान्यात कारण लिहायचं असतं.
हृदयविकार. मूत्रपिंड. सर्पदंश.
खोटं एकही नाही.
बोटभर रुंदीच्या त्या जागेत
खाडी मावत नाही, बांबू मावत नाहीत.
वेळेवर न उघडलेलं दार
आजारांच्या यादीत नाही.

मार्चअखेर बेरीज केली.
दरसाल एकोणीस जातात, यंदा एकतीस.
त्यातले साथीचे तीन सोडले
तरी नऊ जास्तीचे.
पुन्हा केली, पेन्सिलीने, वाण्याच्या पुडीवर.
नऊच.
साहेब म्हणाले, गाव म्हातारं झालंय हो.
गोताडांचा पोर अकरावीत होता.

कुलसुमभाभी दाखला न्यायला आली.
एकेका अक्षरावर बोट फिरवत वाचला,
उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.
"काय शोधताय?" मी विचारलं.
खिडकीतून होडी येताना दिसत होती,
माणसं, दोन शेळ्या, एक मोटारसायकल.
"काय नाय," ती म्हणाली,
"पाच प्रती द्या.
बँकवाले सारख्या मागतात."