दोन डबे

थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार.
सकाळी साडेसहापासून फोन,
आणि प्रत्येक फोनमध्ये तेच वाक्य:
काल रात्रीपर्यंत ठीक होतं.

नव्हतं. पण मी बोलत नाही, पत्ता लिहून घेते.
एकतीस वर्षं या गावातल्या मोऱ्या मोकळ्या करतेय,
डुलूथच्या चढावर, जिथे नोव्हेंबरात
नळाचं पाणी बोटांना चावतं.
उन्हाळ्यात जी चरबी पाइपातून सरकत जाते
ती आता पहिल्याच वळणावर बूड टेकते.
मग तिच्या अंगावर बटाट्याची सालं,
सालांवर सेलरीचे दोरे,
दोऱ्यांत अडकून जंगली तांदूळ.
तो तर पाण्यात पडला की फुगणारच,
त्याला दुसरं काय येतं?

लोक म्हणतात, आम्ही वरून गरम पाणी सोडलं होतं.
गरम पाण्याने चरबी जाते, खरंय.
पुढे जाते.
जिथे तुमचा हात पोचत नाही, तिथवर.

काही घरांत तर म्हणीचा अर्थ शब्दशः:
मोरीला बोळा, दरवाजा मोकळा.
चार डॉलरची जाळी घेणार नाहीत,
मला दोनशे मोजतील.

तिसरं घर वॉलफ्रेड हाउगेनचं. वय ब्याऐंशी.
एप्रिलात आर्लिस गेली.
टेबलावर एक ताट, आणि जवळजवळ सबंध टर्की.
"लहान मिळाली नाही," तो म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.
सिंकमध्ये राखाडी पाणी, त्यावर एक क्रॅनबेरी,
कुठेच न जाता तरंगत.

मी ओट्याखाली शिरले.
पाइप उत्तरेच्या भिंतीलगत, गार पडलेला.
वाकडं वळण सोडवलं, बादली लावली.
आत पांढरं, मेणासारखं, बोटभर जाड.
पान्याच्या टोकाने खरवडलं तर थर सुटत गेले:
वरचा कालचा,
त्याखाली ऑक्टोबरातले रविवार, बेकन, बेकन, सॉसेज,
आणि तळाशी, पिवळा पडलेला,
बहुतेक मे महिना.

साबणाच्या बाटल्यांमागे कॉफीचे दोन डबे होते.
झाकणांवर चिकटपट्टी, पट्टीवर निळी पेन्सिल.
एकावर: फेकायची.
दुसऱ्यावर: पाखरांची.

"ते तिचं काहीतरी असायचं," वॉलफ्रेड म्हणाला.
"मला वाटायचं, स्क्रू ठेवते."
चोपन्न वर्षं याच कपाटापुढे उभं राहून
त्याने ताटं पुसली होती.

मग मी सांगितलं, जे एरवी बिलाबरोबर सांगते,
पण सावकाश.
टर्कीचा रस, बेकनचं तूप, मीठ लागलेलं सगळं
या पहिल्या डब्यात. गार होऊ दे. घट्ट झालं की कचऱ्यात.
तवा आधी कागदाने पूस, मग धू.
सालं चक्कीत नको, बादलीत.
आणि ही जाळी, राहू दे, पैसे नकोत.
तो पाकिटाच्या पाठीवर लिहीत होता.
"जाळी" लिहून थांबला.
"आणि दुसरा?"

दुसऱ्यात बिनमिठाची, गुरांची चरबी.
वितळवायची, दाणे कालवायचे, गोळा करून टांगायचा.

तो खिडकीशी गेला.
पोर्चच्या खांबाला तारेची टोपली होती, रिकामी,
वाऱ्याने खांबावर टकटक करत.
"दोन महिने बघतोय," तो म्हणाला,
"काळ्या टोपीची चिकडी एकही फिरकली नाही.
मला वाटलं, पाखरांनाही कळलं."

मी नळ सोडला.
पाणी गोल फिरलं, क्रॅनबेरी जाळीत बसली,
आणि खाली पाइपाने एक मोठा घोट घेतला.
आम्ही दोघं उगाच जरा वेळ ऐकत राहिलो.

बिलाच्या मागे मी खाटकाचा पत्ता लिहिला.
शनिवारी दुपारी बारापर्यंत, आर्लिसचं नाव सांग.
त्याने पैसे दिले, वर टर्कीची एक तंगडी, फॉइलमध्ये,
नको म्हणायला जागाच ठेवली नाही.

अजून चार पत्ते बाकी होते.
तंगडी व्हॅनमध्ये बसून खाल्ली,
हात पुसले.
कागदाने, आधी.